"बुरशीबिरशी सोडा" म्हणणाऱ्यांसाठी, जरा लांबलचक

रानभूल: परवा पिंपळपान यांनी लिहिलं की परदेशी झाडं फोफावतात कारण त्यांना खाणारे किडे मायदेशी राहतात, विषय संपला, मुळांवरच्या बुरशीचं (झाडाला मातीतलं अन्न पुरवते, बदल्यात साखर घेते, ती मायकोरायझा) कौतुक हे शोधनिबंध छापणाऱ्यांचं फॅड. दोन ओळीत निकाल! उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवेना.

पाइनचंच घ्या. जिथे पाइन मुळात नव्हते तिथे त्यांच्या मुळांवरची एक्टो बुरशीही (मुळांना बाहेरून वेढणारा प्रकार) नव्हती. पोर्टो रिकोत लावलेले पाइन पिवळे पडून खुरटायचे, मरायचे. १९५५ मध्ये पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली तेव्हा कुठे रोपांनी जीव धरला. आता सांगा, किडे तर तिथेही मागे लागले नव्हते, मग आधीची का मेली?

अर्जेंटिनात व्हिक्टोरिया बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडांच्या शंभरावर परदेशी जाती लावल्या. त्यातल्या पाइन कुळातल्या झाडांचं बी वाऱ्यावर लांबवर जातं, पण लागवडीपासून दूर उगवलेल्या रोपांच्या मुळांवर बुरशी कमी आणि वाढही रडतखडत. हे २००९ मध्ये छापून आलंय. फॅड म्हणे.

पिंपळपान: पाइन, पाइन आणि पाइन! दुसरं झाड माहितीये का? सुबाभूळ, वेडी बाभूळ या व्हॅमवाल्या, म्हणजे मुळांच्या आत शिरणाऱ्या एंडो बुरशीवाल्या. व्हॅमला बरेच यजमान चालतात, ती जवळपास सगळ्याच मातीत असते. मग बुरशी अडवणार कोणाला? आणि पाइनचं म्हणाल तर एकदा लागवड झाली की बुरशी आलीच की मातीबरोबर. दार उघडून गेलेल्या घराच्या कुलुपावर काय चर्चा करताय.

शेवाळ: दार आपोआप नाही उघडत हो. न्यूझीलंडमध्ये पॉसमच्या (मांजराएवढा झाडांवरचा प्राणी) लेंड्यांत परदेशी एक्टो बुरशी सापडली, त्या लेंड्या घालून वाढवलेल्या पाइनच्या रोपांना ती लागलीसुद्धा. पॉसम ऑस्ट्रेलियाचा, पाइन उत्तरेकडचा, बुरशीही बाहेरची. तीन पाहुणे मिळून एकमेकांची सोय लावतायत. व्हिक्टोरिया बेटावर हेच काम हरणं आणि रानडुकरं करतात, तीही बाहेरूनच आणलेली.

खडूसकाका: मला एक सांगा, मग ती मायकोरायझा पावडर काय कामाची? मी चाळीस रोपं लावली, खड्ड्यांत पावडर टाकली, पाकिटावर दुप्पट वाढ लिहिलेलं, एकोणचाळीस रोपं गेली. चाळिसावं जगलं ते तिथे पावडर टाकायची विसरलो म्हणून. शुद्ध लूट आहे ही.

पिंपळपान: काकांशी शंभर टक्के सहमत. आयुष्यात पहिल्यांदा.

मातीमोल: काका, खड्ड्यात सुपर फॉस्फेट टाकलं होतंत का? फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला भाव देत नाही.

खडूसकाका: टाकलं होतं, पाकिटावरच लिहिलेलं "खतासोबत वापरा".

मातीमोल: घ्या! आणि लावलं काय होतंत? पाइन असेल तर व्हॅमचं पाकीट म्हणजे डिझेलच्या गाडीत पेट्रोल.

खडूसकाका: तुम्ही विकता का पावडर?

मातीमोल: मी रोपवाटिकेत सहा वर्षं घालवलीत. जुन्या झाडाखालची मूठभर माती घालायचो, फुकट, रोपं बरी लागायची. विकण्याचा आरोप मागे घ्या.

रानभूल: अहो धागा झाडं पसरण्याबद्दल आहे!! पण आता निघालंच आहे तर, ती मूठभर मातीच आम्हाला नडते. कुठली बुरशी, कुठून आणली, कोणाला माहिती? चिलीत लागवडीपासून सगळ्यात लांब पसरलेल्या पाइनला सुइलस ल्युटियस ही एकटी एक्टो बुरशी पुरली. एकच जात. आणि पाइन तोडले तरी बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, पुढच्या पिढीची अंथरुणं घालूनच ठेवलेली.

मातीमोल: म्हणजे आता मीच गुन्हेगार. छान. मी त्याच बागेतली माती त्याच बागेत वापरायचो, परदेशातून गोणी नाही मागवल्या.

पिंपळपान: बरं, पाइनपुरतं मान्य. लिहून घ्या, तारीख टाका, फ्रेम करा. पण बाकी झाडांचं काय? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये "पाइनपुरतं" हा शब्द नव्हता.

रानभूल: तुमच्या पोस्टमध्येही "किडे सोडून इतर कारणं" हे शब्द नव्हते. व्हॅमवाल्या झाडांना बुरशी क्वचितच अडवते, हे माझंही मत आहे, लिहायचं राहिलं.

शेवाळ: "राहिलं" 😂

खडूसकाका: माझ्या एकोणचाळीस रोपांचं कोणी बोलेल का?

मातीमोल: पाकिटावर एंडो लिहिलं होतं की एक्टो, ते बघून सांगा आधी.

खडूसकाका: पाकीट जाळलं रागाने.