सीआरटी ठेवावा की ओलेड घ्यावा?

हळुवार: १९ इंची सीआरटी (जुना, काचेच्या ट्यूबचा मॉनिटर) अजून ठणठणीत चालतोय. घरचे म्हणतात, भंगारात काढ नि ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा सपाट मॉनिटर) घे. माझं म्हणणं, हलत्या चित्रात सीआरटीला तोड नाही. जुन्या गेममध्ये पार्श्वभूमी सरकते तेव्हाही बारकावे दिसतात. एलसीडीवर (मागून दिवा असलेल्या नेहमीच्या सपाट पडद्यावर) सगळं फासटतं. रिझोल्यूशनही (आडवे-उभे पिक्सेल) ६४०×४८० ठेवा नाहीतर १६००×१२००, चित्र पुसट होत नाही. पटत नसेल तर मुद्दे खोडा.

तारवाला: खोडतो. वीस किलोच्या पुढचं धूड, टेबल अर्धं खाणार. कोपऱ्यांत रेषा वाकड्या. वीज शंभर वॉटच्या आसपास. २४ इंची एलईडी मॉनिटर २०-३० वॉटवर भागवतो. शिवाय ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र काढण्याची) ती लुकलुक, डोकं उठतं!

हळुवार: ६० वर चालवतंच कोण? ८५ ठेवा. वजनाचं मान्य, पण मी तो रोज उचलत नाही :)

अर्धविराम: तारवाला, मूळ मुद्द्याला बगल दिलीत. सीआरटीत इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरच्या फॉस्फरवरून (चमकणाऱ्या थरावरून) जातो, ठिपका एक-दोन मिलिसेकंद चमकून विझतो, पुढची फ्रेम येईपर्यंत तिथे काळोख. एलसीडी असो वा ओलेड, ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंद तशीच उभी राहते. नजर मात्र हलत्या वस्तूमागे सरकत असते, त्यामुळे चित्र डोळ्यातच फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू १६ पिक्सेल पसरलेली दिसते. खोक्यावर पिक्सेलचा रंग बदलायचा वेळ ०.०३ मिलिसेकंद छापलेला असला तरी त्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

तारवाला: म्हणून तर रिफ्रेश रेट (हेच हर्ट्झ) वाढवतात. २४० हर्ट्झला तोच काळ ४.२ वर येतो. आणि ओलेडचा काळा म्हणजे खरा काळा, पिक्सेल बंदच. सीआरटीवर शेजारच्या उजेडाची झाक काळ्यात उतरतेच.

हळुवार: गेम २४० फ्रेम देणारा हवा ना! ६० ला बांधलेला जुना गेम तीच फ्रेम चार वेळा दाखवणार. १६.७ जिथल्या तिथे.

अर्धविराम: मध्ये काळ्या फ्रेमा घालायची सोय काही मॉनिटरांत असते. उजेड मात्र चांगलाच घटतो.

पानवाचक: गेमवाल्यांच्या भांडणात वाचणाऱ्यांचं कोण बघणार? मी दिवसभर मजकूर तपासते. सीआरटीवर बारीक टायपातले अनुस्वार विरघळतात. ओलेडवर तोच टूलबार महिनोन्‌महिने उभा राहिला तर डाग पडायची धास्ती. (सीआरटीवरही पडायचे, स्क्रीनसेव्हर त्यापायीच आले.) साधा आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) घ्या, काळा रंग करडा दिसला तरी माझं काही अडत नाही.

तारवाला: +१. हळुवार, नव्या ग्राफिक्स कार्डांना व्हीजीए (सीआरटी जोडायचं जुनं सॉकेट) नाही. ट्यूब गेली तर नवी कुठून आणणार? आणि स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

हळुवार: उघडत नाही. कन्व्हर्टर आहे. पण माझी लाइटगन (पडद्यावर नेम धरायची गेमची बंदूक) एलसीडीवर चालवून दाखवा! ती झोत कधी समोरून गेला त्यावरून नेम ओळखते, आणि तिथे झोतच नाही. सीआरटी राहणार. कामाला मात्र आयपीएस घेतो, ओलेड रद्द. पानवाचक, २७ इंचीला १४४० (२५६०×१४४०) रिझोल्यूशन पुरेल?

पानवाचक: गेमला पुरेल. माझ्यासारखं वाचायचं असेल तर ४के (३८४०×२१६०).