गांजा, भांग, चरस, वीड : नेमका फरक काय?

प्रश्न : मी अकरावीला शिकवते. वर्गात एक मुलगा ठामपणे म्हणाला, "मॅडम, वीड वेगळं आणि गांजा वेगळा. वीड नॅचरल असतं." असा काही फरक आहे का? आणि भांग यात कुठे बसते?

उत्तर १ : वीड म्हणजे गांजाच. कॉलेजच्या पोरांत इंग्रजी नाव रुळलं, एवढंच. झाड एकच. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे तुरे वाळवले की गांजा. त्याच तुऱ्यांवरचा चीक तळहातांवर चोळून काढला, त्याची काळपट गोळी वळली की चरस. पानं वाटून दुधात घोटली की भांग. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात; तुऱ्यांशिवाय नुसती पानं आणि बिया वगळल्या आहेत. मुलं त्यावरून "भांग चालते" असा अर्थ काढतात. पण नशा आणणारं टीएचसी पानांतही असतं, तुऱ्यांपेक्षा कमी.

उत्तर २ : "नॅचरल" या शब्दावर थोडं लिहिते, कारण मुलं तिथेच फसतात. धोतराही नॅचरलच आहे की! आपल्या मेंदूत गांजासारखं काम करणारं स्वतःचं एक रसायन असतं. १९९२ साली ते सापडलं तेव्हा संस्कृत 'आनंद'वरून त्याला आनंदामाइड नाव दिलं. ते गरजेपुरतं, क्षणभर तयार होतं आणि लगेच विरतं. टीएचसी त्याच जागी जाऊन बसतं, पण कितीतरी जास्त वेळ.

पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूत जोडण्यांची छाटणी चालू असते. वापरातल्या टिकतात, बाकीच्या जातात. कपाळामागचा भाग, म्हणजे बेत आखणारा, मनाला आवर घालणारा, सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास पक्का होतो. आनंदामाइडची यंत्रणा या घडणीतही भाग घेते. म्हणून त्या वयातली ढवळाढवळ मला चाळिशीतल्या माणसाच्या चिलमीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ जणांचा जन्मापासून मागोवा घेतला. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत, किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं गांजावर अवलंबून राहिलेल्यांचा बुद्ध्यंक १३ ते ३८ या वयात सरासरी ८ अंकांनी उतरलेला दिसला. जुळ्यांच्या नंतरच्या अभ्यासांत मात्र ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या भावंडांत असा फरक दिसला नाही, म्हणून या आकड्यावर वाद आहे. मुलांना तोही सांगा. अर्धवट सांगितलं तर ती गूगल करून तुम्हालाच खोटं पाडतील. स्वीडनमधल्या लष्करभरतीच्या तरुणांचा १९८७चा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट होतं. त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण घरात कुणाला असा आजार असेल, तर त्या मुलाला हे स्पष्ट सांगायलाच हवं.

प्रश्नकर्ती : खूप आभार. मग गांजा ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला' म्हणणं बरोबर का?

उत्तर १ : नाही. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचा अशुद्ध प्रकार; गर्दुल्ला हा शब्द त्यावरून आला. गांजा ओढणाऱ्याला गंजेडी किंवा गांजेकस म्हणतात. पण वर्गात यातला कुठलाच शब्द वापरू नका. ज्याने एकदा ओढून पाहिलंय तो पोरगा हे ऐकल्यावर तुमच्याशी पुन्हा बोलायला येणार नाही.