मदत हवी आहे: पर्सनल ट्रेनरच्या प्रमाणपत्रासाठी एसीई करू की नॅसम (दोन्ही अमेरिकन संस्थांच्या परीक्षा)?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय २६. तालमीत जोर-बैठका मारत वाढलो, आता तीन वर्षं जिममध्ये फ्लोअर ट्रेनर आहे. परवा एका काकूंनी विचारलं, "गुडघा दुखतोय रे, स्क्वॉट करू का?" मी नुसती मान हलवली. लाज वाटली हो! म्हणून आता नीट शिकून परीक्षा द्यायची आहे.

एसीईला ३ तासांत १५० प्रश्न, नॅसमला २ तासांत १२०. मला इंग्रजी सावकाश वाचावं लागतं, म्हणून एसीईकडे कल आहे. फीमर (मांडीचं हाड), टिबिया (नडगीचं हाड) पाठ झालंय, पण 'प्लेन्स ऑफ मोशन' (शरीराची हालचाल पुढे-मागे, बाजूला की वळून होते ते) आलं की डोकं गरगरतं. मराठी माध्यमातून आलेल्या कुणी हे कसं पार केलं? आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि यंत्राने शॉक देणं) प्रात्यक्षिक कोल्हापूर-सांगलीकडे कुठे होतं? पुण्याला जायचं म्हणजे दोन दिवसांचा पगार जातो.