हात जोडावेसे वाटले, तर चुकलं का?

कातरवेळ:
२००९ साली कामासाठी लंडनला होते. रविवारी पाऊस लागला म्हणून रॉयल अकादमीच्या कलादालनात शिरले, तर आत शिल्पकार अनिश कपूर यांचं प्रदर्शन. तोवर आधुनिक कला म्हणजे 'हे तर माझा भाचाही करेल' एवढीच माझी अक्कल. रुळांवरून लाल मेणाचा एक अगडबंब ठोकळा दालनांतून सरकत होता, इतका सावकाश की सरकतोय हेच आधी कळेना. कमानीतून जाताना तो खरवडला जाई, चौकटीला लाल गोळे चिकटून राहत. नाव 'स्वयंभू'.

मला आमच्या वेशीवरचा तांदळा, तो न घडवलेला दगडाचा देव, आठवला. आजी त्याला तेल-शेंदूर चोपडायची; दगड कुठे संपतो नि शेंदूर कुठे सुरू होतो, कळत नसे. हात जुळायला आले. शेजारचा गोरा बघेल म्हणून कोटाच्या खिशात घातले. ही श्रद्धाच ना?

वाघ्या_नव्हे:
ताई, ही सवय. स्वयंभू म्हणजे जो कुणी घडवला नाही तो. इथे रूळ आहेत, तिकीट आहे. याच कपूरांनी १९७९च्या भारतभेटीनंतर कोरड्या रंगाचे ढीग मांडले, तेही देवळाबाहेरच्या रंगांवरून सुचलेले. पण जेजुरीचा भंडारा डोळ्यांत जातो, कॉलरमध्ये शिरतो, पुडीत बांधून घरी येतो. प्रदर्शनातल्या ढिगाला हात लावलात तर रखवालदार धावतो. मग तो भंडारा कसला, रांगोळी स्पर्धा!

कॅम्पातला:
हात लावायचंच म्हणता, तर पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं होतं. तेव्हा रखवालदार कोण होते?

आणि कपूरांच्या आईचे वडील पुण्याच्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. म्हणजे आपलं लाल देऊळ, १८६७चं. आत मूर्ती नाही, तरी माणसं प्रार्थनेला उभी राहतातच की. यांच्या कामांत पुन्हा पुन्हा पोकळी दिसते; तिचं वेड या माणसाला उगाच लागलं असेल असं मला वाटत नाही.

खडूस:
आजोबांवरून नातवाचा ठोकळा देव ठरत नाही. २०१८ साली पोर्तुगालमध्ये कपूरांच्या एका कलाकृतीतल्या काळ्या खड्ड्यात एक जण खरोखर पडला. अडीच मीटर. त्याला काय साक्षात्कार झाला ते विचारा.

रेघोट्या:
तोच 'स्वयंभू' आधी म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्ट या कलादालनात होता. ती इमारत नाझींनी बांधलेली, १९३७ची. तिथे रूळ आणि लाल रंग बघून लोकांना छळछावण्यांच्या आगगाड्या आठवल्या. तुम्हाला शेंदूर. ठोकळ्यात काही नव्हतं, तुम्हीच नेलंत.

वाघ्या_नव्हे:
मी वेगळं काय म्हणतोय?

कातरवेळ:
मग तांदळ्यात तरी कोणी ठेवलं होतं? आजीनेच ना, वाटीभर तेलातून.

वाघ्या_नव्हे:
आजी एकटी नव्हती हो. तिच्या आधी तिची सासू, तिच्याही आधी कुणी. नवस बोलणारी, फेडणारी, न फेडता पळणारीही. लंडनच्या ठोकळ्याकडे कुणी पोरगं मागितलं का? आणि प्रदर्शन संपल्यावर त्याचं काय झालं, तुम्ही विचारायला गेलात?

कातरवेळ:
नाही गेले, हे खरं.

आमच्या तांदळ्याचं शेंदराचं कवच मागे एकदा निखळलं. एवढ्या मोठ्या थरातून निघाला जेमतेम नारळाएवढा दगड. बघायला अख्खा गाव लोटला. कुणी काही बोललं नाही. वहिनी घरात जाऊन तेलाची वाटी घेऊन आली.