गोडोव्स्कींमधला गुरू

पियानोवादक आणि संगीतकार लिओपोल्ड गोडोव्स्की म्हणजे नुसते बोटांचे जादूगार, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. त्यात त्यांच्यातला गुरू पार बाजूला राहतो. १८७० साली, रशियन साम्राज्यात असलेल्या लिथुआनियातल्या झास्लियाय गावी ते जन्मले आणि बरंचसं स्वतःच शिकले. १९०९ पासून व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत ते शिकवू लागले. तिथले त्यांचे शिष्य हाइनरिख नॉयहाउस म्हणजे पुढे रिख्टर आणि गिलेल्स या नामवंत पियानोवादकांचे गुरू! केवढी मोठी परंपरा ही.

संगीतकार शोपँच्या एट्यूड्सवर, म्हणजे वादनतंत्राच्या सरावासाठीच्या रचनांवर, गोडोव्स्कींनी ५३ अभ्यास रचले, त्यातले २२ फक्त डाव्या हातासाठी. शोपँच्या 'रेव्होल्युशनरी' एट्यूडचं त्यांचं रूप जरूर ऐका. मूळच्या सी मायनर स्वरपट्टीऐवजी सी शार्प मायनर, आणि खालची धावपळ व वरची धून दोन्ही एकटा डावा हात पेलतो. ही कसरत नाही, एकाच हातातून दोन-तीन आवाज वेगवेगळे बोलते करण्याचा तो धडा आहे.

त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून मात्र त्यांना जोखू नये. चूक होईल या धास्तीने स्टुडिओत त्यांचा हात आखडायचा. १९३०मध्ये लंडनला ध्वनिमुद्रणाच्या काळातच पक्षाघात झाला आणि मैफली कायमच्या थांबल्या.