लँडिंग क्राफ्टचं मॉडेल काठावर चढतं, पण परत निघत नाही

कराडचा_मेकॅनिकल:
डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. नौदलाच्या एलसीयू मार्क-४ जहाजाचं, म्हणजे रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या लँडिंग क्राफ्टचं, १:५० मॉडेल केलंय. पत्र्याचं, सव्वा मीटर लांब, मागे दोन मोटरी, पुढे दोरीवर पडणारा रॅम्प, म्हणजे उतरायची फळी. रविवारी प्रीतिसंगमाजवळ नदीत सोडलं. वाळूवर छान चढलं. रणगाडा म्हणून २ किलोचं वजन रॅम्पवर ढकललं तर तोंडच रुतलं. मोटरी उलट्या फिरवल्या, हललं नाही. तेवढ्यात प्रवाहानं मागची बाजू फिरली आणि अख्खं आडवं झालं. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. खरं जहाज परत कसं निघतं? मोटर मोठी घालू का?

पाटणचा_नाविक:
मोटर बदलू नकोस बाळा. आधी वजनकाट्यावर ठेव.

मी नौदलात २२ वर्षं होतो, त्यातली ४ पोर्ट ब्लेअरला, लँडिंग जहाजांवर. तू निवडलेली जहाजं कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं बांधली, एकूण आठ. पहिलं २०१७ ला नौदलात आलं, आठवं २०२१ ला. लांबी ६३ मीटर, वजन ९०० टन. लांबी ५० पट कमी केलीस तर वजन ५० चा घन, म्हणजे सव्वा लाख पट कमी व्हायला हवं. ९०० टनांचे ७ किलो २०० ग्रॅम होतात. अर्जुन रणगाडा साधारण ५८ टनांचा, त्याचे पावणेपाचशे ग्रॅमसुद्धा होत नाहीत. तू २ किलो टाकलेस, म्हणजे अडीचशे टनांचा रणगाडा उतरवलास. तोंड रुतणारच.

प्रवाहाचंही तेच. वेगाला ५० चं वर्गमूळ, साधारण ७. नदी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर तुझ्या मॉडेलला ती साडेतीन मीटरसारखी लागते, जवळपास ७ नॉट (तासाला ७ सागरी मैल). खऱ्या जहाजाचा वेगच १५ नॉट आहे.

आता परत निघण्याचं. नुसत्या पंख्याच्या जोरावर भरवसा ठेवत नाहीत. किनारा यायच्या आधीच मागचा नांगर टाकतात आणि तार सोडत सोडत पुढे जातात. निघताना विंचनं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, तीच तार ओढायची. पंखा उलटा फिरवला की पाणी जहाजाच्या पोटाखाली जातं आणि वाळूचा तिथंच ढीग होतो, म्हणून तारेचा आधार हवा. मागून लाट येते तेव्हाही ताणलेली तार जहाजाला आडवं होऊ देत नाही. तुझं जे झालं ते नांगर नसल्यामुळे.

काठाला लागण्याआधी पुढच्या टाक्यांतलं पाणी काढून तोंड हलकं करतात, म्हणजे तळाचा उतार किनाऱ्याच्या उताराशी जुळतो. रॅम्प खाली असेपर्यंत इंजिनं हळू पुढेच चालू ठेवायची. भरती चढती असेल तर उत्तम, ओहोटीत अडकलं तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं.

आणि काठीनं तळ मोजल्याशिवाय मॉडेल सोडू नकोस. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आपलं जहाज किनाऱ्याअलीकडच्या वाळूच्या दांड्यावर टेकलं. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाणी होतं. पाठीवर ओझं घेऊन उतरलेले गोरखा जवान त्यात बुडाले. आम्हाला हे शिकवलं तेव्हा वर्गात कोणी हललं नव्हतं. रॅम्प पडला म्हणजे जमीन आली असं नसतं.

बामणोलीकर:
काका म्हणतात ते इंजिनाचं आमच्या तराफ्यावर रोज बघायला मिळतं. जीपची पुढची चाकं फळीवर आली की तराफा मागं सरकायला बघतो, म्हणून तराफा चालवणारा तांडेल इंजिन काठाकडं रेटूनच ठेवतो. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उन्हाळ्यात उतरलं की लागायची जागा बदलते, तेव्हा आधी माणूस उतरून चिखल पायानं बघतो. तू नदी सोड, शेततळ्यात चाचणी घे.

कुपवाड_फॅब्रिकेशन:
पत्रा किती जाडीचा? १ मिलिमीटरचा चौरस मीटर पत्रा पावणेआठ किलोच्या वर भरतो. अर्ध्या मिलिमीटरचा घे आणि वेल्डिंगऐवजी डाख दे, नाहीतर तळ वाकडा होईल. सपाट तळ जराही वाकला तर एका बाजूनंच टेकेल.

कराडचा_मेकॅनिकल:
काट्यावर ११ किलो १०० भरलं! पत्रा १.२ चा होता. कुपवाडच्या दादांचं ऐकून पत्रा अर्ध्याचा केला, बॅटऱ्या मागे सरकवल्या, आता साडेसात किलो. रणगाडा ४६० ग्रॅमचा. मामांच्या शेततळ्यात काठावर आडवं झालं नाही. मागे छोटी चकरी बसवून नायलॉनची दोरी लावलीय, पण ओढली की नांगरच घसरत येतो. नांगर जड करू का?

पाटणचा_नाविक:
वजन वाढवू नकोस, दोरी वाढव. पाणी वीतभर असेल तर किमान पाच-सहा विती दोरी सोड. ओढ आडवी लागली की नांगराचे फाळ मातीत घुसतात, वरून लागली की उपटले जातात. नांगराजवळ वीतभर साखळी बांध, दोरी तळाशी दबून राहील. आणि नांगर लवकर टाक, काठापासून दोन-तीन मॉडेललांबीवर.