ओला तंबू पिशवीत ठेवण्याबद्दल
ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला तरी बिघडत नाही, या मताशी मी सहमत नाही. जुलैत राजमाचीहून परतल्यावर मी नेमके तेच केले आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली, तेव्हा कुबट वासासोबत शिवणींवर काळे ठिपके दिसले, जे साबणाने घासूनही गेले नाहीत. बुरशीपेक्षाही मोठे नुकसान कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी दिलेल्या पॉलियुरेथेनच्या (एक प्रकारचे प्लास्टिक) लेपाचे होते. सततच्या ओलीने तो हळूहळू विघटित होऊन चिकट बनतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पावसाळ्यात उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नसल्यामुळे बैठकीच्या खोलीतच दोरी बांधून (घरच्यांची बोलणी गृहीत धरून) तंबू पंख्याखाली उलटा टांगावा, आणि सर्वांत शेवटी वाळणारे तळाचे कोपरे हाताने चाचपून मगच घडी घालावी.